घासलेला नळ

सकाळीच करुणा उकिडवी बसून नळाची तोटी राखेनं घासत होती. काथ्याचा बोळा तिच्या मुठीत मावत नव्हता, तरी तोटीचं पितळ तिनं लख्ख केलं होतं. एस्तेर घागर घेऊन बाहेर आली आणि उंबऱ्यातच थांबली.

“काय चाललंय गं?”

“द्वारकाकाकूंसाठी,” सहा वर्षांची करुणा मान वर न करता म्हणाली. “त्यांची कंबर दुखती ना. आपलं पाणी भरून झालं की त्यांना रोज घासावं लागतं. आज मीच घासून ठेवते. येशूनं नाही का शिष्यांचे पाय धुतले, तसं.”

एस्तेरनं घागर खाली आदळली.

औरंगाबादच्या छावणीतल्या त्या ओळीत सहा खोल्या आणि एक नळ. निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शनला बारा वर्षं होऊन गेली होती. एस्तेरची आई गंगापूरकडच्या गावात विहिरीपासून लांब उभी राहायची, कुणीतरी दया येऊन घागरीत पाणी ओतेपर्यंत. इथं तसं काही नव्हतं. नळ सगळ्यांचा. फक्त एस्तेरचं भरून झालं की शेजारच्या द्वारकाबाई राखेची वाटी घेऊन यायच्या, तोटी घासायच्या, तीनदा पाणी सोडून द्यायच्या आणि मगच कळशी लावायच्या. तोंडात वावगा शब्द नाही, उलट ‘बऱ्या आहात ना, नर्सबाई?’ अशी चौकशी. अशा माणसाशी भांडण तरी कुठून सुरू करायचं? दोन वर्षांमागं त्यांची सून अडली होती, तेव्हा दवाखान्यात बाळंतपण एस्तेरनंच केलं होतं. त्या दिवशी तिच्या हातांना कुणी राख लावली नव्हती.

करुणानं एकदा विचारलं होतं, काकू रोज नळ का घासतात. ‘त्यांना स्वच्छता फार लागते,’ असं सांगून एस्तेरनं विषय मिटवला होता. तिला वाटलं होतं, मिटला.

ती तशीच आत गेली. सासूबाई, साळूबाई, चुलीपाशी भाकरी थापत होत्या. संध्याकाळच्या स्वयंपाकाला बसल्या की प्रभूच्या गोष्टी सांगायच्या आणि नातीकडून म्हणून घ्यायच्या, हा त्यांचा नेम. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण गोष्ट चुकत नव्हती.

“आत्याबाई, ही तुमची शिकवण.” एस्तेर म्हणाली. “पोर त्यांचा नळ घासायला लागली. आपला विटाळ आपल्याच लेकरानं धुवायचा?”

साळूबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली.

“म्या पाय धुवायची गोष्ट सांगितली. नळ कशापायी घासत्यात, ते तू सांगितलंस. ते खोटं व्हतं.”

“मग काय सांगायचं? सहा वर्षांची आहे ती.”

“आपल्याला कळलं तवा आपुन किती वर्सांचे व्हतो?”

एस्तेर जास्तच संतापली. तेवढ्यात बाहेर द्वारकाबाईंची जोडवी वाजली. एस्तेर दारात आली.

द्वारकाबाई चकाकत्या तोटीकडे पाहत होत्या.

“काकू, मी घासलाय,” करुणा म्हणाली. “तुम्ही वाकू नका.”

“हो का? गुणाची गं बाई.” द्वारकाबाईंना खरंच कौतुक वाटलं होतं. मग त्या वाकल्या, आपल्या वाटीतली राखेची चिमूट घेऊन तोटी घासली, तीनदा पाणी सोडलं आणि कळशी लावली.

“स्वच्छ नव्हता निघाला?” करुणानं विचारलं.

द्वारकाबाई भरलेली कळशी उचलून घरात गेल्या, दुसरी आणायला. करुणा आपल्या राखाडी बोटांकडे पाहत बसली.

ते मात्र एस्तेरला सोसवलं नाही. ती तरातरा नळावर गेली, द्वारकाबाईंच्याच वाटीतली मूठभर राख घेतली आणि तोटी घासायला लागली. खसाखसा, ओळीतल्या सहाही दारांना ऐकू जाईल अशी. द्वारकाबाई दुसरी कळशी घेऊन आल्या आणि जागच्या जागी थबकल्या. एस्तेरला फार बरं वाटलं.

“आई,” करुणा हळूच म्हणाली, “काकू घाण आहेत?”

एस्तेरचा हात थांबला. हो म्हणणं किती सोपं होतं. तिनं राख धुऊन टाकली आणि लेकीसमोर खाली बसली.

“नाही. त्या घाण नाहीत आणि आपणही नाही. मी तुला खोटं सांगितलं होतं. आपला हात लागला की नळ बाटतो असं त्यांना वाटतं. म्हणून त्या घासतात. तू घासलास, म्हणून त्यांना पुन्हा घासावा लागला.”

द्वारकाबाई चार पावलांवर उभ्या होत्या. एस्तेरनं आवाज मुळीच खाली आणला नाही.

करुणानं बोटांवरची राख झटकली.

“मग येशू आपल्याकडं राहिला असता आणि त्यानं पाणी भरलं असतं, तर?”

“त्याच्यामागंही घासला असता.”

“मग त्यानं काय केलं असतं?”

याचं उत्तर एस्तेरला ठाऊक होतं, पण ते तिच्या तोंडून निघेना. ते दारातून आलं.

“पाय धुतले असते त्यांचे,” पिठाच्या हातानं चौकटीला टेकून साळूबाई म्हणाल्या. “पर आधी इचारलं असतं, बाई, का घासती?”

करुणानं द्वारकाबाईंच्या पायांकडे पाहिलं. द्वारकाबाईंनी लुगड्याचा काठ खाली ओढला.

“का घासता, काकू?”

पोरीच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

द्वारकाबाईंनी एकदा एस्तेरकडे पाहिलं, एकदा तोटीकडे. मग रिकामी कळशी कमरेवर घेऊन त्या घराकडे वळल्या.

एस्तेरनं नळाखाली घागर लावली. द्वारकाबाईंची राखेची वाटी तिथंच राहिली होती. दुपारी ती दवाखान्यातून परतली, तेव्हाही कुणी ती न्यायला आलं नव्हतं.