लाखोळीचा भुसा

पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी तिरोडा-गोंदिया रस्त्यावर, एकोडी मागे पडल्यावर, लखनलाल टेंभरे यांची पांढरी कार वाफ सोडत कडेला थांबली. गाडीत तिघे होते. लखनलाल, त्यांची मुलगी चंचल आणि गाडी चालवणारा त्यांचा पुतण्या हेमेंद्र. चंचलला पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीसाठी सहाच्या आत गोंदियाच्या मैदानावर पोहोचायचे होते. सहाला फाटक बंद होणार होते. तिची पहिली तारीख तापात गेली. अर्ज केल्यावर ही दुसरी मिळाली आणि यानंतर तारीख मिळणार नाही, असेही कळवण्यात आले होते.

बोदलकशाजवळच्या त्यांच्या गावातून इतक्या पहाटे बस नाही. मोटारसायकलला आई रामकलीने नकार दिला होता. थंडीत पोरीचे गुडघे आखडतील, मग धावेल काय, असे तिचे म्हणणे. म्हणून कार काढली.

हेमेंद्रने आदल्या संध्याकाळी गाडी तपासली होती. कांडी ओढून इंजिनचे ऑइल पाहिले, ब्रेक ऑइल पाहिले, चारही चाकांत आणि स्टेपनीत हवा भरली. कूलंटची बाटली खुणेपर्यंत भरलेली होती. हे सारे तो मोबाईलवरचे व्हिडिओ पाहून शिकला होता आणि नीट शिकला होता. त्याच्या तपासणीत चूक नव्हती.

एकोडीच्या अलीकडे तापमानाचा काटा मध्यावरून सरकला. हेमेंद्रने वेग कमी केला आणि आतला हीटर पूर्ण सोडला. इंजिनची उष्णता थोडी आत ओढली जाते, हेही त्याला माहीत होते. काचा उघड्या, आत भट्टीसारखी हवा. तरी काटा चढतच राहिला.

"फॅन तं फिरून राहिला," तो म्हणाला. "आवाज येऊन राहिला ना."

"मंग तापते कायले?" लखनलालांनी विचारले.

 काटा लाल रेघेला टेकला तेव्हा हेमेंद्रने गाडी थांबवली आणि इंजिन बंद केले.

लखनलाल उतरले ते पाण्याची बाटली घेऊनच. बॉनेट उघडताच त्यांनी रेडिएटरच्या झाकणाला हात घातला.

"हात नोको लावा, काका! उकळतं पाणी तोंडावर येईल."

"मंग पाहात बसू का गा?"

"थंडं होईपर्यंत दुसरं काही नाही होत."

"किती वेळ?" हे चंचलने विचारले. ती मागच्या सीटवरून उतरून बूट बांधत होती.

"अर्धा घंटा. जास्तही लागंन."

हेमेंद्रने मोबाईलचा टॉर्च लावून समोरच्या जाळीत पाहिले आणि तो खाली बसला. रेडिएटरच्या बारीक पट्ट्या दिसतच नव्हत्या. त्यांच्यावर भुशाचा थर होता, शेणाने सारवावे तसा एकसारखा, वाळून घट्ट झालेला. त्याने नखाने खरवडले. लाखोळीची, म्हणजे लाखेच्या डाळीची, टरफले होती.

"काका, लाखोळी कायनं चुरली?"

 धान कापायच्या आधी बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, फेकून पेरलेली लाखोळी चार दिवसांपूर्वी खळ्यावर आली होती. बैल दोन वर्षांपूर्वीच विकले होते. ट्रॅक्टर ज्याचा, तो देवरीला लग्नात अडकलेला. आभाळ भरून आले होते. लखनलालांनी लाखोळी पसरून मळणीसाठी तिच्यावरून कार गोल गोल फिरवली. गावात तिघांनी तसेच केले होते. भुसा उडत होता आणि पंखा तो आत ओढत होता.

"मी धुतली ना पण," ते म्हणाले. "पोरगी भरतीले जाणार, गाडी चांगली दिसाले पायजे. मोटरचा पाईप लावून समोरून धुतली."

"तेच झालं. ओला करून दाबला तुमी आत."

"तू तं सगळं पाहिलं म्हणत होता! तुया मोबाईलवाल्या मास्तरानं हे नाही सांगितलं?"

"त्याच्या घरी लाखोळी नसंन, काका."

चंचल हसली, एकदाच. मग रस्त्याकडे पाहू लागली.

वीज प्रकल्पाची राख नेणारा एक ट्रक आला. लखनलाल दोन्ही हात वर करून रस्त्याच्या मधोमध गेले. ट्रकने हॉर्न दिला आणि बाजूने निघून गेला. एक मोटारसायकल आली, तिच्यावर तिघे होते. हेमेंद्रने गोंदियाच्या मित्राला फोन लावला, तो बंद होता. मैदान अजून आठेक किलोमीटर होते.

"बाबा, मी निघते," चंचल म्हणाली.

"कुठं?"

"समोर. कोणी भेटलं तं बसून घेईन."

"आता धावली तं तिथं काय धावशील वो? पाय राहतील का?"

"इथं बसून काय धावू?"

ती आठशे मीटरची तयारी दीड वर्ष कालव्याच्या पाळीवर करत होती. चाचणीच्या दिवशी आधी पाय मोकळे करायचे, थकवायचे नाहीत, हे तिनेच बापाला अनेकदा सांगितले होते. आता लखनलालांनी तेच तिला सांगितले. तिने प्रवेशपत्राची पिशवी पाठीला आवळली. धुक्यात तिचे पांढरे बूट थोडा वेळ दिसले.

हेमेंद्र कडुलिंबाच्या काडीने पट्ट्या खरवडत राहिला. लखनलाल बाटलीतले पाणी रेडिएटरच्या मागच्या बाजूने थोडे थोडे सोडत होते. भुसा निघत होता, पण चिमटीचिमटीने. मागच्या सीटवर फोन वाजला. चंचलचा होता, ती विसरली होती. पडद्यावर 'आई' दिसत होते. लखनलालांनी तो उचलला नाही. परत वाजला, तेव्हाही नाही.

पावणेसहाच्या सुमारास गोंदियाकडून दुधाचे कॅन लावलेली मोटारसायकल आली. केवलराम नावाचा तो दूधवाला थांबला.

"पोरगी तुमची का? पांढरे बूट? रेल्वे फाटकाच्या अलीकडे भेटली. धावूनच राहिली होती. मी थांबलो, पण मी इकडं येऊन राहिलो ना, माझं दूध..."

"मंग फिरवली काऊन नाही गाडी?" लखनलाल ओरडले.

"तीच म्हणाली, भाऊ, नोको, मागून बाबा येऊन राहिले."

गाडी सुरू झाली ती सहा वाजून सात मिनिटांनी. काटा मध्यावर राहिला. हेमेंद्रने रस्त्याची उजवी बाजू पाहिली, लखनलालांनी डावी. रेल्वे फाटक उघडे होते. मैदानापर्यंत चंचल कुठे दिसली नाही.

मैदानाचे फाटक बंद होते. बाहेरच्या शिपायाने लखनलालांचे म्हणणे ऐकून घेतले.

"जे आत गेले ते आत. नाव आत्ता सांगता येत नाही. दुपारी सोडतील."

"पण ती आत आहे का, एवढंच..."

"काका, गाडी तिकडे लावा."

त्यांनी गाडी भिंतीच्या कडेला लावली. आतून शिट्टी ऐकू आली, मग धावणाऱ्या पावलांचा आवाज. भिंत उंच होती. हेमेंद्र आलेल्या रस्त्याने पायी परत पाहायला गेला. आठ वाजेपर्यंत तो परतला नव्हता, आणि लखनलालांच्या हातातल्या चंचलच्या फोनवर रामकली पुन्हा फोन करत होती.