शेवंतीची बादली

"तुमचं काय जातंय सांगायला?" टेगन म्हणाली. "मूल ठेव, मूल ठेव. तुम्हाला कुठं पोर झालंय?"

चहा ओतता ओतता नोरीन क्विल्टीचा हात थांबला. ऑस्ट्रेलियातल्या टूवुम्बा गावच्या चर्चमागच्या या खोलीत तिनं कितीतरी अवघडलेल्या पोरींना चहा पाजला होता. कुणाला पाळणा, कुणाला भाड्याची खोली मिळवून दिली होती. गर्भपाताविरुद्ध फलक धरून चौकात उभी राहायची तेव्हा लोकांच्या शिव्याही निमूट ऐकायची. पण हा प्रश्न तोंडावर कुणी केला नव्हता. बिनलग्नाच्या, देवभोळ्या मिस क्विल्टीला असलं कोण विचारणार?

"झालंय," ती म्हणाली. "तुझ्याएवढीच होते. चर्चच्या नन सिस्टरांच्या आश्रमात. मुलगा होता. मला हातात घेऊ दिला नाही. सही घेतली आणि दत्तक देऊन टाकला."

"मग ठेवला का नाही?"

"ठेव, मी आहे ना, असं म्हणणारं कुणी भेटलंच नाही गं."

टेगननं चहा संपवला आणि विचार करते म्हणून निघून गेली. इतक्या वर्षांचं झाकलेलं आपण एका अनोळखी पोरीपुढं उघडं केलं, या धास्तीनं नोरीनला आठवडाभर अन्न गोड लागलं नाही.

रविवारी मातृदिन होता. त्या दिवशी चर्चमधली मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, संपली की फादर आयांना उभं राहायला सांगत आणि प्रत्येकीला पांढरी शेवंती मिळे. फुलं नोरीनच्या बागेतली, वाटणारीही तीच. यात तिची एक युक्ती होती. हातात बादली असली की उठावं की बसून राहावं, हा प्रश्नच येत नसे. "अगं, जगाला वाटतेस, स्वतःला एक ठेव की," असं शेजारची बेरिल दरवर्षी चिडवायची. नोरीन हसण्यावारी न्यायची.

यंदा शेवटच्या बाकावर टेगन बसली होती. तिनं काय ठरवलं होतं ते चेहऱ्यावरून कळेना आणि विचारायचा नोरीनला धीर होईना. पण त्या पोरीनं सगळं ऐकलं होतं. आता तिच्यादेखत बादली घेऊन फिरायचं म्हणजे आपल्या मुलाला पुन्हा एकदा टाकून देणं होतं. नोरीनला ते सोसवेना.

तिनं बादली टेगनपुढं ठेवली. "एवढी वाटशील?"

टेगननं होकाराची मान हलवली. नोरीन जाऊन बेरिलशेजारी बसली.

"आयांनी उभं राहावं," फादर म्हणाले.

बाकं करकरली. बेरिलही उठली आणि शेजारी नोरीनला उठताना बघतच राहिली. पुढचं बाक घट्ट धरून नोरीन उभी राहिली आणि आपलं फूल येईपर्यंत उभीच राहिली.