शाळेतली धरून तेवीस

प्रश्न १. आपले पूर्ण नाव?

शैला गजभिये. वय बासष्ट. निवृत्त सिस्टर, नागपूर. सध्या मुक्काम कर्वेनगर, मुलाकडे.

आडनाव वाचलं आणि मला कळलं. काय कळलं ते पुण्यात कोणी मोठ्यानं बोलत नाही, नुसतं "असं का" म्हणतात. मीही म्हणाले, "असं का."

"कसं?" शैलाताईंनी विचारलं.

[अनुवादकाची टीप: अनुवादक म्हणजे मी, पूर्णिमा. शनिवार पेठेत दुसऱ्या मजल्यावर एक खोली, एक टेबल, एक शिक्का. परदेशी जाणाऱ्यांचे कागद मी इंग्रजीत करून देते. शिक्क्यावर 'प्रमाणित' असं कोरलेलं आहे. काय प्रमाणित, ते कोरलेलं नाही.]

प्रश्न ३. आपण आमच्या देशात का येऊ इच्छिता?

निकितासाठी. शैलाताईंची मुलगी निकिता चार वर्षांपासून तिकडे आहे. पहिलंच बाळंतपण, सातवा महिना सरत आलेला, डॉक्टरांनी सांगितलंय की पलंगावरून उठायचं नाही. नवऱ्याची नोकरी दुसऱ्या गावात, आठवड्यातले चार दिवस तो घरी नसतो. शैलाताईंनी तीस वर्षं प्रसूती वॉर्डात काढलेली. दुसऱ्यांच्या लेकींची बाळंतपणं केली, आता स्वतःच्या लेकीचं करायला व्हिसा लागतो.

व्हिसा पूर्वी सहज मिळायचा. यंदापासून त्या देशानं नवा नियम काढला. येणाऱ्या माणसाच्या श्रद्धा आणि चालीरीती तपासायच्या. वीस प्रश्न. उत्तरं मातृभाषेत, स्वतःच्या अक्षरात लिहायची. त्याचं प्रमाणित इंग्रजी जोडायचं. मग पडद्यावर मुलाखत, तीही मातृभाषेतच, अनुवादकाला शेजारी बसवून. उमेदवाराला इंग्रजी येत असलं तरी. मातृभाषेत माणसाला खोटं बोलणं जड जातं, असं त्या देशाचं म्हणणं.

त्यांनी एकदा पुण्यात भाड्यानं घर शोधून बघावं.

प्रश्न ९. जन्मावरून आपण एखाद्याला कमी लेखता का?

माझ्या कॉम्प्युटरवर 'नमुना' नावाची एक फाईल आहे. प्रश्न नऊचं तिच्यातलं उत्तर: "नाही. सर्व माणसे समान आहेत असे मी मानतो/मानते." नको ते खोडायचं. आतापर्यंत एक्केचाळीस जणांनी हेच उतरवून घेतलं. त्यातल्या एका गृहस्थांनी उतरवून झाल्यावर विचारलं होतं, "चहा कोणाकडून मागवता हो तुम्ही?" मी नाव सांगितलं. ते म्हणाले, नको, आत्ताच घेतलाय. त्यांचंही 'नाही' मी प्रमाणित केलं. आता ते तिकडे आहेत, मजेत.

शैलाताईंनी नमुन्याचा छापील कागद वाचला आणि पालथा ठेवला. स्वतःच लिहिलं:

"मी लेखत नाही. मला लेखलेलं आहे. त्याबद्दलही विचारा."

"ताई, तेवढं त्यांनी विचारलेलं नाही."

"मग विचारायला पाहिजे."

"माझ्या मते त्यांनी काहीच विचारू नये. माणसाच्या डोक्यात काय आहे ते सरकारनं कशाला बघायचं? उद्या विचारतील, स्वप्नं कसली पडतात."

"विचारू देत की. ज्या घरी बाईला चार दिवस बाजूला बसवतात, ज्या घरी पाण्याचा पेला वेगळा ठेवतात, त्या घरचा माणूस माझ्या दारात आला तर मी विचारीन. तुम्ही नाही विचारणार?"

"पण खोटंच सांगतात ना सगळे."

"तुम्ही लिहून देता म्हणून," शैलाताई म्हणाल्या. आवाज अगदी साधा, थर्मामीटर बघून आकडा सांगावा तसा. "कर्वेनगरला आम्ही घर शोधत होतो तेव्हा एक एजंट विचारायचा, देवघराला जागा लागेल का? किती सोय बघतो हो बिचारा. माझा मुलगा सौरभ म्हणाला, नाही लागत. मग त्याचा फोन बंद. इथे विचारतात पण छापत नाहीत. त्यांनी छापलंय. उत्तर कागदावर तरी राहतं."

प्रश्न १२. आपल्या घरातील रोजचा आहार?

हा निरुपद्रवी वाटतो, म्हणून मी त्याला फार भिते.

"साधं लिहा," मी म्हणाले. "वरण, भात, पोळी, आलूची भाजी."

शैलाताईंचं पेन थांबलं. "इथे बटाटा म्हणतात ना?"

"तेच ते."

"तुम्ही मूळच्या कुठल्या?"

"पुण्याच्याच."

"असं का," शैलाताई म्हणाल्या.

[अनुवादकाची टीप: यवतमाळ. एकोणीस वर्षांपूर्वी आले. "मी घर शोधून राहिली" हे वाक्य ऐकून एका बाईंनी दार अर्धंच उघडं धरलं होतं. तीन महिन्यांत मी जीभ बदलली. आलू कुठून तरी राहून गेला.]

प्रश्न १७. आपण कधी एखाद्या विचाराची, श्रद्धेची वा संघटनेची प्रतिज्ञा घेतली आहे का? असल्यास कोणती?

नमुना: "नाही."

शैलाताई: "हो. शाळेत रोज सकाळी एक. आणि १९८१ साली नागपूरला, दीक्षाभूमीवर, बावीस. शाळेतली धरून तेवीस."

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

"शाळेतली कोणी मोजत नाही हो."

"हात पुढे करून म्हणायचो ना? मग? तुम्ही नाही म्हटली?"

म्हटली होती. एक्केचाळीस जणांनीही म्हटली असणार, दहा-दहा वर्षं. कोणालाच आठवली नाही.

"बरं, शाळेतली राहू द्या. पण बावीस काढा, ताई. तिकडे कोणाला काही माहीत नाही. अमुक देव मानणार नाही, तमुक विधी करणार नाही, बावीस कलमं. ते म्हणतील ही कुठल्या तरी पंथाची बाई. निकिताचा विचार करा."

"निकिताचाच करते."

"मग 'नाही' लिहा. दोन अक्षरं आहेत."

शैलाताईंनी पेन खाली ठेवलं. "त्या बाविसात एक आहे, खोटं बोलणार नाही अशी. ती घेतलीच नाही असं मी कसं लिहू? लिहिलं की तिथेच मोडली."

मी 'नमुना'ची फाईल बंद केली.

प्रश्न १७, पुन्हा. (इंग्रजीत)

पहिला मसुदा: "होय, मी बावीस प्रतिज्ञा घेतल्या आहेत."

~~बावीस प्रतिज्ञा~~

~~बावीस वचने~~

~~काही वचने~~

शेवटचा मसुदा: "होय. तरुणपणी मी एका धार्मिक समारंभात सहभागी झाले होते."

[अनुवादकाची टीप: हे खोटं नाही. त्या समारंभात होत्याच. शाळेतली मी वगळली, कारण ती हास्यास्पद दिसली असती. माझे एक्केचाळीस कागद मुकाट गेले होते. बेचाळिसाव्यावर तिकडच्या कोणाची भुवई उंचावली तर माझ्या शिक्क्याकडे लक्ष जाईल, हेही मनात होतं. किती मनात होतं ते इथे लिहीत नाही.]

सहीसाठी परत आल्या त्या दिवशी शैलाताईंचा चष्मा घरी राहिला होता. मी बोट ठेवलं तिथे त्यांनी सही केली. जाताना एक प्रत पिशवीत घातली.

मुलाखत. (या भागाला प्रश्नक्रमांक नाही.)

सकाळी साडेअकरा, माझीच खोली. पडद्यावर अधिकारी बाई, पांढरे केस, गळ्यात ओळखपत्र. आम्ही दोघी शेजारी. आज शैलाताईंच्या डोळ्यांवर चष्मा होता.

बाई आधी माझ्याशीच बोलल्या. "तुमच्या शिक्क्याच्या एक्केचाळीस अर्जांत प्रश्न नऊचं उत्तर शब्दशः एकच आहे. कसं काय?"

"आमच्याकडे सगळे तसंच मानतात," मी म्हणाले.

शेजारून एक बारीकसा आवाज आला. खोकला असावा.

"या अर्जात मात्र वेगळं आहे," बाई म्हणाल्या आणि काहीतरी लिहून घेतलं. मग: "प्रश्न सतरा. त्या धार्मिक समारंभात काय झालं, ते यांना विचारा."

मी मराठीत विचारलं. 'समारंभ' हाच शब्द वापरला.

शैलाताई पडद्याकडे न बघता माझ्याकडे बघत म्हणाल्या, "मी प्रतिज्ञा घेतल्या. बावीस."

मी इंग्रजीत सांगितलं: त्यांनी प्रार्थना केली आणि चांगलं वागायचं ठरवलं.

"नो," शैलाताई म्हणाल्या. मग पडद्याकडे वळून, "ओथ. आय टुक ओथ. ट्वेंटी-टू."



अधिकारी बाईंनी मला हातानं थांबवलं. मातृभाषेचा नियम त्यांनी बाजूला ठेवला आणि सरळ शैलाताईंना विचारलं, "या अनुवादकांनी तुमच्या कागदांत आणखी काही बदललं आहे का?"

निकिताचे सात आठवडे उरले होते. 'नाही' म्हटलं तर मुलाखत पुढे सरकेल, 'हो' म्हटलं तर अर्ज परत येईल. हे मला ठाऊक होतं, त्यांनाही ठाऊक होतं. तोंडी चूक तोंडी दुरुस्त होते, कागदावरची होत नाही.

"येस," शैलाताई म्हणाल्या. "नंबर सेव्हन्टीन. ओन्ली दॅट. रेस्ट इज करेक्ट." चुकीचं औषध दिलं गेलं की सिस्टरनं डॉक्टरांना कळवावं, तो आवाज. रागाचा मागमूस नाही.

बाईंनी प्रतिज्ञांबद्दल विचारलं. शैलाताईंनी आपल्या इंग्रजीत सांगितलं: चोरी नाही, दारू नाही, खोटं नाही, कोणी जन्मानं मोठा नाही. बाईंनी सगळं लिहून घेतलं. चेहऱ्यावरून काही कळेना, मान्य की अमान्य.

मग निकाल सांगितला. अर्ज परत. नवं भाषांतर, कोणत्याही प्रमाणित अनुवादकाचं. नवी तारीख तेवीस दिवसांनी. तिच्यानंतर निर्णयाला आणखी दोन आठवडे. माझ्या शिक्क्याबद्दल वेगळं पत्र येईल.

पडदा काळा झाला.

शैलाताईंनी तिथूनच निकिताला फोन लावला. तिचा आवाज मलाही ऐकू येत होता. "आई, एक 'नाही' म्हणाली असतीस तर? एकच!"

"पाणी जवळ ठेवत जा," शैलाताई म्हणाल्या. "डाव्या कुशीवर झोप. पाय सुजले तर डॉक्टरांना सांग, माझी वाट बघू नको."

त्यांनी फोन पिशवीत ठेवला.

"तुम्हाला आधीच कळलं होतं," मी म्हणाले.

"घरी जाऊन वाचलं त्याच दिवशी."

"मग मला फोन का नाही केलात? दुरुस्त केलं असतं."

"बघायचं होतं," शैलाताई म्हणाल्या. "कागदावर बदलता, तसं तोंडीपण बदलता का."

मी म्हणाले की मी त्यांच्यासाठीच केलं. त्या म्हणाल्या, असेल. मी म्हणाले, याच गल्लीत दिगंबरराव म्हणून अनुवादक आहेत, त्यांचा शिक्का जुना आहे, मीच कागद नेऊन देते, पैसे नकोत.

"ते कुठे बदलतात?"

"म्हणजे?"

"तुम्ही कुठे बदलता ते मला आता कळलंय. त्यांचं शोधत बसायला माझ्याकडे दिवस नाहीत." शैलाताईंनी आपली खुर्ची उचलली आणि टेबलाला वळसा घालून माझ्या बाजूला आणून ठेवली, कॉम्प्युटर दोघींना दिसेल अशी. "करा सुरू. पहिल्यापासून."

मी टाईप करायला लागले. तिसऱ्या शब्दावर त्यांनी माझं मनगट धरलं.

"हाच शब्द का?"

मी कारण सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, हात सोडला नाही, आणि म्हणाल्या, "परत सांग."