डबा लावलेली सायकल

एवढी महागडी सायकल विकणाऱ्याच्या दुकानात गिऱ्हाइकाला बसायला साधी खुर्ची नसावी, हे मला अजून पटलेलं नाही. बाणेरच्या त्या दुकानात भिंतीवर सायकली, छताला सायकली, आणि माणसांनी मात्र ताटकळत उभं राहायचं. दुकानदार अनिरुद्ध. हिंजवडीतली नोकरी सोडून त्यानं हे दुकान काढलं होतं आणि न विचारता सगळ्यांना ते सांगत होता.

"काका, कुठे जायचा प्लॅन आहे?" त्यानं विचारलं.

"नागपूर. दीक्षाभूमीला. दसऱ्याला," हे म्हणाले.

"सायकलवर?"

"नाही, सायकल डोक्यावर घेऊन," मी म्हणाले. "तुझ्याकडे भाजी घ्यायला आलोय का आम्ही?"

हे म्हणजे रतन ओव्हाळ, माझे मिस्टर. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात यांचा जन्म गेला. विश्रांतवाडीच्या आमच्या घरातून रोज सकाळी सायकलवर जायचं आणि संध्याकाळी सायकलवर यायचं. माझे सासरे छप्पन साली दीक्षा घ्यायला नागपूरला गेले होते, रेल्वेनं. त्या गोष्टी ऐकतच हे मोठे झाले, आणि तेव्हापासून यांच्या मनात एकच, आपण जायचं ते सायकलवर. पण नोकरीत असताना कधी रजा मिळाली नाही, कधी आमच्या पोरीची, पूर्वाची परीक्षा आडवी आली, कधी माझं आजारपण. रिटायर झाल्यावर जाऊ म्हणाले, तर गुडघा धरला. गुडघा बरा झाला आणि डोकं गेलं.

पहिल्यांदा विसरायला लागले तेव्हा आम्ही हसायचो. साठी बुद्धी नाठी म्हणायचो. मग एका रविवारी पूर्वा घरी आली, तर हे दारात उभे राहून पोटच्या पोरीला म्हणाले, "आपण कोण? कोणाकडे आलात?" त्या दिवसापासून घरात कोणी हसलं नाही. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "हा आजार उलटा फिरत नाही. त्यांची काही इच्छा असेल तर यंदा पुरी करा. पुढच्या दसऱ्याचं मी काही सांगू शकत नाही."

म्हणून ही सायकल. कारखान्यातली पेन्शनर मंडळी दर दसऱ्याला सायकलवर नागपूरला जातात, त्यांचे पुढारी सुदर्शनभाऊ. मी त्यांना जाऊन भेटले. ते म्हणाले, "वहिनी, रतनला मी नेतो, माझ्या नजरेसमोर ठेवतो. पण आधी एकदा सगळं सामान लादून त्यानं एकट्यानं वाघोलीपर्यंत येऊन दाखवावं. नगर रस्ता सरळ आहे. तेवढं जमलं तर नागपूर जमेल." मला राग आला. पण माणूस वावगं काही बोलला नव्हता.

तर अनिरुद्ध सायकली दाखवत होता. ही हलकी, ही त्याहून हलकी, ही एका बोटावर उचलता येते. "बोटावर उचलून करायचंय काय?" मी विचारलं. हे शांतपणे प्रत्येक सायकलीचं कॅरियर हलवून बघत होते.

"पंक्चर वाटेत काढता येईल ना?" यांनी विचारलं.

"हो काका. ट्यूब बदलायची, दहा मिनिटांचं काम."

पुढच्या सायकलीपाशी पुन्हा तेच. "पंक्चर वाटेत काढता येईल ना?" त्यानं पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा अनिरुद्धनं माझ्याकडे पाहिलं, आणि मी भिंतीकडे पाहिलं. पोरगा समजला. पहिल्यांदा दिलं होतं त्याच आवाजात त्यानं तिसऱ्यांदा उत्तर दिलं. माझं त्याच्याबद्दलचं मत तिथं बदललं.

मग त्यानं कोपऱ्यातली एक साधी स्टीलची सायकल काढली. "काका, ही घ्या. वजनाला जड आहे, पण ओझं घेऊन डुगडुगत नाही. आणि मोडलीच तर कुठल्याही गावात वेल्डिंगवाला भेटेल." यांना सायकलीवर बसवून त्यानं उंची बघितली, सीट खाली घेतली, हँडल वर घेतलं. हे गल्लीत एक फेरी मारून आले. काय सांगू, तोंडावर असं काही हसू होतं की लग्नातल्या फोटोतही नाही. मला भरून आलं. तिथं खुर्ची असती तर बसले असते.

घोडं अडलं ते पिशव्यांपाशी. मागच्या चाकाच्या दोन बाजूंना लावायच्या त्या नव्या पिशव्या, पाणी शिरत नाही अशा. त्यांचं तोंड गुंडाळून बंद करायचं, मग क्लिप, मग हूक. अनिरुद्धनं सावकाश शिकवलं. यांनी पाण्याची बाटली आत ठेवली, पिशवी बंद केली, आणि मग त्यांना ती उघडेचना. इकडून ओढ, तिकडून ओढ. कपाळाला घाम. "प्रेमला," ते हळूच म्हणाले, "ही माझी नाही गं."

मी पिशवी काढून अनिरुद्धच्या हातात दिली. "राहू दे ही. घरी यांची ड्यूटीची खाकी पिशवी आहे, तीच लावीन."

"काकू, ती भिजेल."

"भिजू दे. ओळखीची तर आहे."

रात्री पूर्वाचा फोन. "आई, प्लीज, टूरिंगची प्रॉपर बॅग हवी. मी ऑनलाइन मागवते, उद्या येईल."

"तुझी प्रॉपर बॅग तुला लखलाभ," मी म्हणाले. "तुझ्या बापाला त्यात पाणी सापडत नाही."

नव्या सायकलीला मी सगळं जुनं लावलं. खाकी पिशवी. जुन्या सायकलीची घंटा. हँडलला बांधायचा निळा रुमाल. आणि कॅरियरवर यांचा स्टीलचा डबा, जसा इतकी वर्षं लावला तसाच, रबरी पट्ट्यात आडवा. आमच्याकडे डबा बायकोनंच लावायचा, अशी यांची पद्धत होती. मी पट्टा ओढून बसवल्याशिवाय हे पाय उचलत नसत. गल्लीत सराव केला, तर हात न बघता बरोबर जागेवर. पाणी काढलं, रुमाल काढला, डबा सोडला, पुन्हा बांधला. एकदाही अडले नाहीत. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. म्हटलं, त्या दुकानदाराला काय कळतंय! माझा माणूस मला ठाऊक.

वाघोलीला जायचा रविवार उजाडला. मी मेथीची भाजी, भाकरी आणि लसणाची चटणी भरली, डबा पट्ट्यात बसवला. हे इस्त्रीचा शर्ट घालून तयार. "वाघोलीला जायचं," मी चारदा बजावलं. "पुलाच्या अलीकडे फाटा येतो, तिथं डावीकडे, येरवड्याकडे वळायचं. मग नगर रस्ता."

"माहितीये गं. मी काय लहान आहे?" ते म्हणाले, आणि पायडलवर पाय ठेवला. "येतो गं. दार लावून घे."

एकट्यानं म्हणजे एकट्यानं असं ठरलं होतं. पण मी काही वेडी नाही. कोपऱ्यावर रिक्षा उभी करून ठेवली होती. मागोमाग निघाले.

सायकल काय झकास चालवत होते! कडेकडेनं, घाई नाही, कुणाला आडवं नाही. सिग्नलला थांबत होते. रिक्षावाला म्हणाला, "काका पट्टीचे सायकलवाले दिसतात." मी फुशारून म्हणाले, "नागपूरला चाललेत." आणि मला खरंच दिसायला लागलं, दीक्षाभूमीवर हे सायकल घेऊन उभे आहेत, आणि मी पूर्वाबरोबर रेल्वेनं जाऊन तिथं आधीच थांबलेय.

फाटा आला. यांनी मागे वळून बघितलं, उजवा हात अगदी नियमात बाहेर काढला, आणि उजवीकडे वळले. होळकर पुलाकडे. खडकीकडे.

"अहो!" मी ओरडले. "अहो, डावीकडे! डावीकडे!" रहदारीत कोण ऐकतंय? आम्ही डाव्या रांगेत अडकलो होतो, सिग्नल पडला. रिक्षावाला हळहळला. मी कॅरियरवर लांब जाणारा तो डबा बघत राहिले, आणि मला लख्ख कळलं. वाघोली मी कानात सांगितली होती. डबा मी सायकलीला बांधला होता. तो डबा जन्मभर एकाच ठिकाणी गेला होता.

आम्ही पोचलो तेव्हा कारखान्याच्या गेटसमोर सायकल स्टँडवर लावलेली होती. खाकी पिशवी खांद्याला, डबा हातात, आणि दुसऱ्या हातानं हे छातीवर कारखान्याचा पास चाचपत होते. गेटवरचा पहारेकरी भला माणूस होता. "काका, आज रविवार," तो सांगत होता. "कारखाना बंद आहे. सुट्टी आहे आज."

"सुट्टी?" हे म्हणाले. "बरं बरं."

तेवढ्यात माझा फोन वाजला. सुदर्शनभाऊ. "वहिनी, आम्ही वाघोलीत चहा घेत थांबलोय. रतन कुठवर आला?"

"पोचले," मी म्हणाले.

"पोचला? मग दिसत कसा नाही?"

"कामावर पोचले, भाऊ."

ते म्हणाले, "वहिनी, मी..."

"नका बोलू काही. तुमचं बरोबर होतं. दसऱ्याला तिथं गेलात की आमचा जयभीम सांगा." मी फोन बंद केला आणि रस्त्यातच रडले. रिक्षावाल्यासमोर, पहारेकऱ्यासमोर, कुणाची लाज धरली नाही.

यांनी मला बघितलं. मी तिथं कशी, असंही विचारलं नाही. सायकलीचं स्टँड काढलं, ढकलत माझ्यापाशी आणली, आणि समोरच्या झाडाखालच्या कट्ट्यावर बसले. डबा माझ्या मांडीवर ठेवला.

"प्रेमला," ते मायेनं म्हणाले, "सुट्टीच्या दिवशी डबा कशाला भरलास गं?"

"चुकलं माझं," मी म्हणाले, आणि डबा उघडला.