रांगेवर चढलेलं अक्षर

मित्रांनो, मी एक जुना, हातभर लांबीचा कापडाचा तुकडा आहे. जवसाच्या धाग्यानं विणलेला. आमच्या मॅसॅच्युसेट्सच्या गावात मुलांच्या हाती टाक द्यायचे आणि मुलींच्या हाती सुई. यालाच मुलींचं शिक्षण म्हणायचे, आणि वर उपकार केल्याचा आव आणायचे!

नऊ वर्षांच्या हेप्झिबानं फुलीच्या टाक्यांनी माझ्यावर मुळाक्षरं भरली. मग स्वतःचं नाव आणि साल. पण नावासाठी टाक्यांची घरं मोजताना चुकली. शेवटचं अक्षर मावेना, तेव्हा तिनं ते सरळ रांगेच्या वर चढवलं.

"उसव ते!" शिकवणाऱ्या प्रूडन्सबाई म्हणाल्या. "नाव आहे की छपरावर चढलेली कोंबडी?"

"राहू द्या ना, बाई. खाली उतरली तर बसेल कुठं?"

बाईंना हसू आलं, म्हणून ती चूक वाचली.

लग्न झाल्यावरही हेप्झिबा मला समोर ठेवून चुलीच्या राखेत काटकीनं नाव गिरवायची. जसंच्या तसं, शेवटचं अक्षर वर. एकदा शेजारच्या म्हातारीच्या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून तिनं तशीच सही केली.

पुढं नवरा वारला. दीर एबेनेझर न्यायाधीशापुढं कागद घेऊन आला. वहिनीनं राहतं घर आपल्याला लिहून दिलंय म्हणाला. खाली सहीच्या जागी, लिहिता न येणारे मारतात तशी, एक फुली.

"मी नाही मारली," हेप्झिबा म्हणाली.

"विसरल्या असाल, वहिनी. बाईमाणसाला लिहिता कुठं येतं?"

"भावजी, फुल्या मी जन्मभर मारल्या. पण एका फुलीत माझं नाव कधी मावलं नाही."

तिनं मला टेबलावर पसरलं आणि टाक मागितला. कागदावर नाव उतरवलं. तिनं आठवण करून दिल्यावर न्यायाधीशानं कपाटातून शेजारच्या म्हातारीचं ते जुनं मृत्युपत्र काढलं. तिन्ही ठिकाणी कोंबडी छपरावरच! एबेनेझरनं मान खाली घातली. घर हेप्झिबाचंच राहिलं.

म्हातारपणी तिनं माझ्यावरचं साल तेवढं उसवलं, वय कळू नये म्हणून. मला हसू आलं. नाव मात्र कुणाला उसवू दिलं नाही. तिच्यामागं मी पेटीत पडलो, कसरीनं कोपरे खाल्ले. आता तिची पणती मला ऊन दाखवते, वाकडं अक्षर बोटानं चाचपते. त्या नऊ वर्षांच्या बोटांचे माझ्यावर फार उपकार आहेत. त्यांनी टोचलं नसतं तर मी भांडी पुसून संपलो असतो.

मित्रांनो, मला जपा. पण त्याआधी घरातल्या पोरीच्या हाती टाक द्या. तिचं अक्षर रांगेबाहेर गेलं, तर उसवायला धावू नका.