पडद्यावरचा डाग

बहिरूला लोहगडवाडीतून लोणावळ्याच्या दवाखान्यात आणायला चिमाबाईला अख्खा पावसाळा लागला. "मानूस हाय, खोकनारच," एवढंच त्याचं पालुपद. गवताचा भारा डोक्यावर घेऊन डोंगर उतरणाऱ्याला कसला आलाय आजार? शेवटी बायकोने भाकरी थापणंच बंद केलं, तेव्हा कुठे गडी हलला.

दवाखान्यात छाती बघायचं नवं यंत्र आलं होतं. डॉक्टर लाल चष्मा लावून बसलेले पाहून बहिरूने बायकोला कोपराने ढोसलं. "ह्येंचंच डोळं आल्यात. ह्ये काय बघनार?"

"अंधारात नीट दिसावं म्हणून आधी लावून बसतो," डॉक्टर हसून म्हणाले.

त्यांनी दिवा मालवला, चष्मा काढला आणि बहिरूच्या छातीपुढे पडदा सरकवला. क्ष-किरण लागताच पडदा हिरवा उजळला. बरगड्या दिसल्या, काळीज हलताना दिसलं आणि उजवीकडे वर सुपारीएवढा डागही दिसला. चिमाबाईने तो डॉक्टरांच्या खांद्यावरून पाहिला.

"हा डाग कॅन्सरचा असू शकतो," डॉक्टर म्हणाले. "पुण्याला जाऊन खात्री करून घ्या. लहान आहे तोवर कापून काढता येईल. दुखायला लागल्यावर जाल, तर उशीर होईल."

"दुखत न्हाई, तर कापायचं कशापायी?" बहिरू भडकला. "डाग तुमच्या पडद्याला पडलाय. फडकं मारा."

डॉक्टरांनी खरंच फडकं मारलं. डाग तिथेच.

"मंग यंत्रातच खोट हाय."

"सरा तिकडं," चिमाबाई म्हणाली. "मी हुबी ऱ्हाते."

ती पडद्यामागे उभी राहिली आणि आता बघायला बहिरू पुढे आला. बायकोची छाती लख्ख होती, डागाचा पत्ता नव्हता. खरं तर तिथेच तो हरला होता, पण त्याचं तिकडे लक्षच नव्हतं. खाली तिचं काळीज नुसतं उड्या मारत होतं. वाडीत बिबट्या शिरला तेव्हा कोयता घेऊन सगळ्यांच्या पुढे धावलेली ही बाई. आज सकाळपासूनही वाटभर नवऱ्याला फैलावर घेत आलेली.

"डाक्तरसायेब, बायामान्सांचं काळीज असंच पळतं व्हय?"

"नाही. त्या घाबरल्यात."

बहिरूला एकदम भरून आलं. ही आपल्यासाठी घाबरते, हे एवढ्या संसारात त्याला कधी कळलंच नव्हतं.

दिवा लागला. चिमाबाई पदर सारखा करत म्हणाली, "बगितलं न्हवं? यंत्रात कायबी खोट न्हाई."

"बगितलं," बहिरू हळूच म्हणाला आणि डॉक्टरांकडे वळला. "पुन्याची गाडी कवा हाय?"