कान कापलेलं मेंढरू

आमच्या संग्रहालयात लाकडात कोरलेला एक येशू आहे, खांद्यावर मेंढरू घेऊन निघालेला. मेंढराच्या उजव्या कानाचा तुकडा गेलाय, म्हणून साहेबांनी पाटीवर ‘कान भग्न’ असं लिहिलंय. ‘हात लावू नका’ असं लोकांना सांगण्यातच माझा दिवस जातो.

परवा ईट गावच्या नागूबाई आल्या. सगळी हयात मेंढरांमागं गेलेली बाई. जुनी नाणी, मूर्ती सोडून त्या थेट येशूपुढं थांबल्या.

“कान तुटला न्हाय लेकरा, कापलाय. ही आमच्या घरची खूण. मेंढरू आमचं हाय.”

माझं डोकं फिरलं. “मावशी, ते ख्रिस्ती लोकांचे देव आहेत. गोव्याकडून आणलेत.”

“देव असंल. पर कुणाला इचारून उचललं?”

“उचललं नाही हो. चुकलेलं मेंढरू शोधून ते घरी पोचवतायत.”

दाराबाहेर जाऊन नागूबाईंनी सूर्य बघितला आणि परत आल्या.

“घर तिकडं, ईटला. ह्याचं तोंड मुरुमच्या बाजाराकडं हाय. इकायला चाललाय ह्यो.”

त्या गेल्या, पण माझ्या डोक्यातून ते जाईना. सुट्टीच्या दिवशी मी येशू काढून समोरच्या भिंतीवर लावला, म्हणजे तोंड ईटकडं झालं. साहेबांना म्हणालो, आधीच्या भिंतीला ओल येत होती.

काल नागूबाई पुन्हा आल्या. बराच वेळ बघत उभ्या राहिल्या.

“वाटंला लागलाय खरा,” त्या म्हणाल्या, “पर लई सावकाश चाललाय.”